तिखट कमी आहे

कॅन्सरच्या संशोधनासाठी आमच्या वाडीतून माझी निवड झाली ती मी मॅट्रिक होते आणि अक्षर बरं होतं म्हणून. आवाज मोठा आहे हेही कारण असणार, पण ते मला कुणी बोलून दाखवलं नाही. ही दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना बघायचं होतं की गावातल्याच बायकांना शिकवलं, तर तोंडाचा कॅन्सर त्यांना वेळेत ओळखता येतो का. त्यासाठी आम्हाला बॅटरी, छोटा आरसा, रबरी हातमोजे आणि खांद्याला अडकवायची पिशवी मिळाली. पिशवी बघून लोकांना वाटायचं पोलिओचे डोस आले, आणि ते पोरांना घेऊन यायचे. आम्ही पोरांना परत पाठवून त्यांच्या आज्यांना बोलवायचो.

प्रशिक्षण मिरजोळ्याला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका शाळेच्या वर्गात झालं. बाकं पहिलीच्या मुलांची होती आणि आम्ही त्या मापाच्या नव्हतो. पांढरा चट्टा कसा दिसतो, लाल कसा, बरी न होणारी जखम कशी, हे मोठ्या चित्रांवर दाखवलं. मग एकमेकींची तोंडं तपासायला लावली. माझ्या वाट्याला मोहल्ल्यातली एक भाभी आली. तिचा नवरा आखातात बोटीवर होता, ती घरी शिवणकाम करायची आणि बोलायची फार कमी. माझ्या तोंडात बॅटरी मारून तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ताई, डावीकडची दाढ किडलीय. बाकी ठीक." एवढ्या ओळखीवर पुढे आम्ही जोडीने घरोघर फिरलो.

आमचा पहिला उपयोग झाला तो फॉर्मसाठी. फॉर्मवर प्रश्न होता, 'तंबाखूचे सेवन करता का?' बायकांनी एकजात नाही म्हणून सांगितलं. आमच्यावर देखरेखीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना फार आनंद झाला. मी आणि भाभीने एकमेकींकडे बघितलं. वाडीतल्या कितीतरी बायका रोज तव्यावर तंबाखू भाजून, तिची काळी भुकटी करून दातांना लावत होत्या. पण ती मशेरी. तंबाखू पुरुष खातात आणि मशेरीने बायका दात घासतात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी उभी राहून हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी डोळे मिटले आणि मग फॉर्म बदलला. सगळी घरं पुन्हा फिरावी लागली. त्या दिवसापासून मी स्वतःला संशोधक समजायला लागले आणि घरातही तशीच वागायला लागले.

घरात सासूबाई होत्या. त्यांची मशेरी सकाळच्या चहाआधी एकदा, जेवल्यावर एकदा आणि कुणाचा राग आला की एकदा. राग बहुतेक माझाच यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. बांगड्याचं कालवण असो की कुळथाचं पिठलं, पहिला घास घ्यायचा, ताटाकडे बघायचं आणि म्हणायचं, "तिखट कमी हाय." मी मिरच्या वाढवत गेले. नवऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तिखट कमीच. मग मी मशेरीवरून बोलायचे, त्या मिरचीवरून. प्रशिक्षणानंतर माझ्याकडे दारूगोळा वाढला. चट्ट्यांचं एक चित्र आणून मी त्यांच्या जेवायच्या जागेसमोर भिंतीला लावलं. त्या त्याच्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

त्यांची तपासणी मात्र काही केल्या होईना. भाभी आली की त्या तिला चहा देत, शिवणाची चौकशी करत आणि "आता नको, तोंडात मशेरी हाय" म्हणून उठत. मी बॅटरी काढली तर म्हणाल्या, "सुनेन सासूच्या तोंडात बघायचा? मग राहिला काय गो?" फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आला. आख्ख्या वाडीत रिकामा फॉर्म एकच होता आणि तो माझ्या घरचा. जी गावाला शिकवते तिचं घरात कुणी ऐकत नाही, असं लोक म्हणतील, या एका धास्तीने मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तो भरला. 'तिखट खाल्ल्यावर तोंडात झोंबते का?' नाही. 'चट्टा किंवा जखम?' आढळली नाही. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच छान आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, शिमग्याच्या सुमाराला, सासूबाईंचं ते वाक्य बंद झालं. पहिल्या दिवशी मी वाट बघत ताटासमोर उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या भाकरी ताकात कुस्करून खायच्या, कालवण जेमतेम बोटाला लावायच्या आणि मुकाट्याने उठायच्या. एकोणीस वर्षांनी माझ्या हाताला चव आली, असा मी त्याचा अर्थ लावला. मला इतका आनंद झाला होता की मी तो कुणाला तरी सांगायची संधी शोधत होते.

एकदा मीटिंग संपवून भाभी आणि मी एसटीची वाट बघत बसलो होतो. मी तिला हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही. "कधीपासून?" तिने विचारलं.

"शिमग्यापासून."

"ताई, तुम्ही त्यांचं तोंड बघितलंत ना?"

हाच प्रश्न, तिखट झोंबतं का, मी घराघरात विचारला होता. बायकांनी उत्तर दिलं नाही तर फिरवून विचारला होता. माझ्याच घरात त्याचं उत्तर रोज दोन वेळा ताटात पडत होतं आणि मी ते विजय म्हणून मिरवत होते. मी भाभीला म्हटलं, "नाही बघितलं. खोटं लिहिलं." एसटी आली तेव्हा भाभी तिच्या थांब्यावर न उतरता माझ्याबरोबर घरी आली.

सासूबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "आई, मी तुमच्या नावाने खोटं लिहिलंय. तोंड तपासलं म्हणून लिहिलं आणि तपासलं नाही. आता डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल."

त्यांनी भाभीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग तुला काढतील?"

"काढतील बहुतेक."

"गावात बोभाटा होईल."

"होईल."

त्यांनी हात धुतले, मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली आणि पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसल्या. "बघ गो. लवकर बघ," म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

खालच्या ओठाच्या आत, डावीकडे, जिथे त्या मशेरी दाबून धरायच्या तिथेच, पांढरा चट्टा होता. मधोमध तुरीच्या डाळीएवढी लाल जखम. मी हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपलं, खाली कडक लागलं. भाभीने माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि धरून उभी राहिली.

"झोंबत होतं तर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी तोंड मिटलं आणि पदराने पुसलं. "बोलली असती तर तू जिंकली असतीस," त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाईच्या तोंडात जखम होती आणि तिला भीती वाटत होती ती माझ्या 'सांगत होते ना' ची.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. मी फॉर्म फाडायला हात पुढे केला, तर त्यांनी तो ओढून घेतला. खोट्या उत्तरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि आजच्या तारखेची सही करायची, असं त्यांनी सांगितलं. मी तसं केलं. मला त्यांनी काढलं नाही. घरी आल्यावर मी भिंतीवरचं चित्र मात्र काढून टाकलं.

मुंबईला ऑपरेशन झालं, ओठाचा आणि जबड्याचा थोडा भाग गेला, मग किरणांचे शेक दिले. आणखी उशीर झाला असता तर फार अवघड होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सासूबाई घरी आल्या तेव्हा त्यांना फक्त पेज, दूध आणि गुरगुट्या भात चालणार होता. तिखट आता जन्मात नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना पेज दिली आणि नवऱ्याला बांगड्याचं कालवण वाढलं. त्या पेजेची वाटी हातात घेऊन बसल्या होत्या. टाक्यांनी ओठ ओढला गेला होता, बोलणं नीट उमटत नव्हतं. त्यांनी मुलाच्या ताटातल्या कालवणाचा रंग बराच वेळ निरखला.

"तिखट कमी हाय," त्या म्हणाल्या.

"हो, आई," मी म्हटलं. "उद्या वाढवते." आणि आत जाऊन मोरीपाशी बसून खूप रडले.