लटोरेच्या घोडीचा दात

माझे काका यज्ञेश्वर लघाटे झाशीत घोड्यांचे डॉक्टर होते. लाहोरला तीन वर्षं शिकून आले, शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात लागले, आणि तिशीच्या आतच स्टेशनाबाहेरचे टांगेवाले त्यांना उठून सलाम करू लागले. आमच्या घराण्यात सगळे कचेरीत बसणारे; घोड्यांपाशी गेलेले हे पहिलेच. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता, हे तेच सांगत. पुढचं सगळंही त्यांनीच मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नसत.

१९३१ च्या मार्चात लटोरे नावाचा टांगेवाला आपली लाल घोडी घेऊन दवाखान्यात आला. घोडीच्या डाव्या नाकपुडीतून घट्ट पिवळा पू वाहत होता, जबड्याखाली गाठ आली होती. काका दोन हात लांबच थांबले. त्या महिन्यात पलीकडच्या जिल्ह्यात ग्लँडर्सचे दोन घोडे सापडले होते. तो रोग घोड्याकडून घोड्याला लागतो, माणसालाही लागतो, आणि त्यावर इलाज नाही. जनावर गोळी घालून मारायचं, असा कायदा. छावणीतल्या पलटणीचे घोडे दवाखान्यासमोरच्याच रस्त्यावरून पाणी प्यायला जात, म्हणून वरच्या साहेबाचं रोज विचारणं चालू होतं.

"ग्लँडर्स," काका म्हणाले.

लटोरे गडबडला नाही. "नईं साब. ईके मों में पीरा है. घास चबात है और उगल देत है." घोडीचं तोंड दुखतंय, ती घास चावते आणि अर्धवट चावलेले गोळे खाली टाकते, हे तो आठ दिवस बघत होता. पुढे होऊन म्हणाला, "एक बेर मों खोल कें देख तो लो."

आवारात वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांच्यासमोर एक टांगेवाला आपल्याला शिकवतो, हे काकांना झोंबलं. घोड्याचं तोंड उघडं धरायची लोखंडी चौकट कपाटात होती. ती आणायला पाच मिनिटं लागली असती. ग्लँडर्सची खात्री करायची तर मॅलीन नावाची चाचणीची लस टोचून, सूज येते का हे बघत दोन दिवस थांबायचं असतं. तीही लस कपाटात होती.

"डॉक्टर कौन है, तुम या हम?" असं म्हणून त्यांनी ग्लँडर्सचा कागद भरला.

दुपारी नाल्यापलीकडच्या माळावर काकांनी स्वतः गोळी घातली. लटोरे घोडीचा कासरा धरून शेवटपर्यंत उभा होता. मग दवाखान्याच्या शिपायांनी त्याला घरी पाठवलं.

पुरण्याआधी डोकं उघडून बघायचा नियम होता. काकांनी नाकाचा पडदा कापला. ग्लँडर्समध्ये तिथे व्रण असतात. इथे पडदा गुळगुळीत, गुलाबी होता. त्यांनी वरचा जबडा फोडला. डावीकडची एक दाढ उभी चिरली होती, चिरेत कुजलेलं गवत ठासून बसलं होतं, आणि दाढेच्या मुळावरची हाडातली पोकळी पुवाने भरली होती. वास असा आला की हातातली सुरी त्यांनी खाली ठेवली.

थोडा पू काचेवर घेऊन त्यांनी दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माळेसारखे, काड्यांसारखे जंतू दिसले. ते कुठल्याही धडधाकट घोड्याच्या तोंडात असतात आणि काही बिघडवत नाहीत. दात चिरला की मात्र मुळाशी उतरतात आणि तिथून वर चढतात. हाडाला भोक पाडून दाढ खालच्या बाजूला ठोकून काढायची, पोकळी रोज धुवायची, दीड महिन्यात घोडी टांग्याला. लाहोरला हे त्यांनी हाताने केलं होतं.

तरी त्यांनी कागद बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी लटोरेचा तबेला, गादी, तोबरा, सगळं जाळलं. स्टँडवर त्याला कोणी जवळ उभं करेना. त्याला साधी सर्दी झाली तरी रोग लागला म्हणून गल्लीतली माणसं विहिरीवरून त्याच्या बायकोला परत पाठवू लागली. ही बातमी बकुळाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, घरी आणली. "बिचारी घागर घेऊन नुसती उभी होती जी," त्या म्हणाल्या. काका जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी ताट उचललं. मग म्हणाल्या, "अकरा दिवस झाले. तुम्ही रोज जेवताय."

ते तसेच उठून स्टेशनवर गेले. पंजाब मेल नुकतीच आली होती, स्टँड भरलेला होता. लटोरे भिंतीशी एकटा बसला होता. काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घोडीला ग्लँडर्स नव्हता. दाढ सडली होती. चूक माझी, आणि ती लपवलीही मीच."

लटोरे उभा राहिला. काकांना वाटलं, हा आता मारणार, आणि मारलं तर बरं.

लटोरेने घोडीबद्दल एवढंच विचारलं, "दरद भौत हतो ऊखों?"

"हाँ," काका म्हणाले. "बहुत."

लटोरेने मान हलवली आणि तो पुन्हा बसला.

काकांनी खरा अहवाल लिहिला. साहेबाने त्यांना बढतीतून वगळून एरचला पाठवलं. बेतवेकाठच्या त्या गावात ते सोळा वर्षं राहिले. नाल ठोकायला आलेल्या घोड्याचंही तोंड आधी उघडून बघत. लोक हसत, त्यांना डाक्टर दांतवाले म्हणत. लटोरेने पुढे दुसरा घोडा घेतला, पण तो कधी कुठल्याही दवाखान्यात नेला नाही. काका सुट्टीत झाशीला येत तेव्हा स्टँडवरची माणसं नमस्कार करत. लटोरे टांगा पुढे घेऊन जाई.

तो वारल्याचं कळलं तेव्हा काका झाशीतल्याच प्रेम नगरात राहायला आले होते. चालत त्याच्या घरी गेले. दारात त्याची बायको बसली होती. काकांनी आपलं नाव सांगितलं.

"हओ, जानत हैं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

काका थोडा वेळ अंगणात उभे राहिले. कोणी बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मग ते घरी आले.