कोरडा शिधा

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, पुन्हा येऊन बसतो. खून-दरोडे पचवलेल्या माणसाला अर्धं पोतं दलियानं एवढं छळावं, हे माझ्या बायकोला अजून कळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, अंबड तालुका औरंगाबादेत मोडायचा. मी तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो. वडीगोद्रीच्या पलीकडे एका गावात सरकारी अनुदानातून कुटुंब व बालकल्याण केंद्र चालायचं. लहान लेकरांना दुपारी शिजवलेला दलिया, बायांना शिवणकाम, गरोदर बाईला चार गोष्टी समजावून सांगणं, असं त्याचं काम. अनुदान आणि शिधा सरकार द्यायचं, जागा गावानं द्यायची आणि लेकरांचा ठरलेला पट भरायचा, अशी अट होती. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आपली रस्त्याकडेची खोली त्यासाठी दिली होती. सेविका बौद्ध वस्तीतली होती, सातवी शिकलेली, पंचविशीची.

एके दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. सेविका केंद्राचा दलिया आणि तेल बाहेर विकते, माल शोधायचा तर खोली देणाऱ्याच्या घरी शोधा, एवढाच मजकूर. निनावी चिठ्ठ्या बहुधा भाऊबंदकीच्या असतात, पण तपासल्याशिवाय फाडता येत नाहीत. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन शिपाई घेतले, गावातून दोन पंच घेतले आणि झडती घातली. शेतकऱ्याच्या माजघरात अर्धं पोतं दलिया आणि तेलाचा डबा निघाला. दोन्हींवर सरकारी शिक्का. मी तिथंच पंचनाम्यात ‘अपहार’ हा शब्द लिहून मोकळा झालो. हातात मुद्देमाल आला की पोलिसाची अक्कल थोडा वेळ रजेवर जाते.

सेविकेला चावडीवर बोलावलं. ठाण्यात महिला शिपाई नव्हती, म्हणून पोलीस पाटलाच्या बायकोला शेजारी बसवलं.

‘‘हा माल त्यांच्या घरी कुणी दिला?’’

‘‘मी दिल्ता, साहेब.’’

‘‘किती घेतले?’’

‘‘एक पैसा न्हाई.’’

‘‘मग फुकट कशाला दिला?’’

या एकाच प्रश्नावर दोन तास झाले. मी आवाज चढवला, कोठडीची भीती घातली, नवऱ्यालाही आत टाकीन म्हणालो. हे सांगताना आज लाज वाटते. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, पण बोलली नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस एकाला चार कारणं देतो. हिच्याकडे एकही नव्हतं. तिथंच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मी शिपायांना चावडीवर ठेवलं आणि एकटाच पुन्हा त्या घरी गेलो. शेतकरी रानात होता. त्याची बायको, घरची कर्ती बाई, चुलीपुढं होती आणि चार लेकरं ताटल्या घेऊन बसली होती. ताटलीत दलियाच होता.

‘‘हा केंद्राचाच ना?’’

‘‘हाव, केंद्राचाच. लेकरांच्याच वाट्याचा हाय. आमच्या भावकीतली समदी लेकरं इथंच खात्यात.’’

‘‘मग तिथं बसून का नाही खात?’’

मी वेडा असल्यासारखं बाईनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तिच्या हातचं? काय बोलून राह्यले, साहेब! तिच्याकून कोरडं आनायचं, आपल्या चुलीवर शिजवायचं. बराबर हाय का न्हाई?’’

तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

चावडीवर परत येऊन मी पंचांना बाहेर पाठवलं आणि म्हणालो, ‘‘बाई, मला कळलं. आता जबाबात लिहितो. शिवाशिवीचा कायदा आहे, गुन्हा तुमच्यावर नाही, त्यांच्यावर होईल.’’

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. हात जोडून म्हणाली, ‘‘ते लिहू नका, साहेब. जागा त्यांची हाय. त्यांच्या लेकरांबिगर पट बी भरत न्हाई. मंग अनुदान बंद. आमच्या बाया कालव्याच्या कामावर जात्यात, त्यांनी लेकरं कुठं टाकायची? मोप हाल काढले, तवा कुठं हे केंद्र आलं.’’

खरं सांगायचं तर तिच्या म्हणण्यात माझीही सोय होती. मोठ्या घराशी वैर नको, वरून फोन नको. मी अहवाल लिहिला: शिधा लाभार्थ्यांच्याच घरी मिळून आला, विक्रीचा पुरावा नाही, गुन्हा होत नाही. कारणाची ओळ गाळली. बाईला वाचवलं या समाधानात मी त्या रात्री शांत झोपलो. पुढं माझी बदली झाली.

वर्षभरानं बंदोबस्तासाठी पुन्हा त्याच भागात, कालव्याच्या कामावर गेलो. मातीची पाटी घेऊन चढणाऱ्या बायांत ती दिसली. मी ओळखलं नसतं, तिनंच नमस्कार केला. बाभळीच्या सावलीत जुन्या लुगड्याचा धडपा टाकून तिचं लेकरू निजलं होतं.

‘‘केंद्र चालू आहे ना?’’ मी विचारलं.

‘‘चालू हाय की. अनुदान येतं बराबर. शिजवलेलं द्यायचं सोडून कोरडं का दिलं, म्हून वरच्या हापिसानं मला काढलं. तुमच्या कागदात कारण न्हवतं. आता खोलीवाल्यांची सून सेविका हाय. आमच्या लेकरांना भाईर पायरीपाशी बशिवती, वरून वाढती. आमी धाडायचं बंद केलं.’’

‘‘पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात लिहू नका म्हणून.’’

तिनं पाटी डोक्यावर घेतली. ‘‘म्हन्ले व्हते, साहेब. माझं पोट त्यांच्या हातात व्हतं. तुमचं न्हवतं. तुमी ऐकाया नको व्हतं.’’

ती चढण चढून गेली. मी पुढं पंचवीस वर्षं नोकरी केली आणि हाताखालच्या प्रत्येक पोराला एकच सांगितलं: घाबरलेलं माणूस ‘लिहू नका’ म्हणेल तेव्हा त्याच्या भीतीचं नाव आधी लिहा. ते सगळे ऐकत आले. ज्या एका कागदावर लिहायला हवं होतं, तो मात्र माझ्या सहीनं तसाच पडून आहे.