शनिवारी बोटं माझी

आमच्या कोडिंगच्या गटात तिने शनिवारी कधीच कीबोर्डला हात लावला नाही. ती पनवेलच्याच ज्यू कुटुंबातली, मराठी माझ्यापेक्षा चोख. वडील गेल्यापासून ती शब्बाथ कडक पाळायला लागली होती. शनिवारी काम नाही, रिक्षा नाही, मोबाइल नाही. आणि आमचा गट नेमका शनिवारीच जमायचा, कारण बाकीचे दिवस पीएच.डी. करणाऱ्या माणसाला पोटासाठी कुठे ना कुठे शिकवायला जावंच लागतं.

तरी ती यायची. तळ्याच्या काठाने चालत, वाचनालयाच्या माडीवर. तिथे आम्ही जुनी मराठी मासिकं संगणकात आणत होतो. पानांचे फोटो काढायचे, त्यातून मजकूर उतरवून घ्यायचा, आणि उतरवताना संगणकाने घातलेला घोळ निस्तरायला प्रोग्रॅम लिहायचे. घोळ निस्तरण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. ती माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसायची आणि बोलायची. मी टाइप करायची.

"अगं बाई, कंस उघडाच ठेवलास. दार लावून घे."

"मग तूच लाव की!"

"मी काम करत नाहीये. गप्पा मारतेय."

यावर जासईहून येणारा आमचा इतिहासवाला मित्र खो-खो हसायचा. "तुमी दोगी मिलून एक मानूस हाव," म्हणायचा. "डोका हिचा, बोटां तुजी. बरा हाय!"

मला कधीकधी तिचा रागही यायचा. माझी ओळ पुरी व्हायच्या आत ती चूक दाखवायची, आणि तीही अशा थाटात की जणू मी भाजीत मीठ विसरलेय. पण चिडत चिडतच मी शिकले, हे खरं.

मग तिच्या भावाने आईला इस्रायलला बोलावलं. आई एकटी जायला तयार नव्हती, आणि हिचा प्रबंध अर्धा राहिलेला. त्याच सुमारास अशाच कामासाठी एक फेलोशिप निघाली. आई म्हणाली, "मिळाली तर थांबू. नाही मिळाली तर मुकाट्याने माझ्याबरोबर चल." आम्ही सगळे निर्धास्त होतो. तिला नाही तर कुणाला मिळणार?

अर्जात कामाचा पुरावा मागितला होता. आमचे सगळे प्रोग्रॅम नेटवर होते, आणि कोणती ओळ कुणाची हे तिथे आपोआप नोंदलं जातं. म्हणजे ती ओळ कुणाच्या खात्यातून चढली, एवढंच. तिचे सगळे शनिवार माझ्या नावावर चढले होते. तिच्या नावापुढे काहीच नव्हतं.

आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शेजारी बसून सांगणाऱ्या माणसाचं नाव कशाला लिहायचं, ती तर सगळ्यांना दिसतेय! मुलाखतीत तिने खरं ते सांगितलं. आम्ही सगळ्यांनी सह्या करून पत्र पाठवलं. सभ्य भाषेत उत्तर आलं, की नोंदीत जे दिसतं तेवढंच आम्हाला धरता येतं. त्या माणसांचा मला संताप आला होता. अजून येतो.

ती मात्र म्हणाली, "बोटं तुझीच होती गं. त्यांचं काय चुकलं?" आणि सामान बांधायला लागली.

तिकडे ती एका वृद्धाश्रमात काम करते. प्रबंधाचा विषय काढला की "बघू" म्हणते आणि इथल्या माशांचे भाव विचारते. तिच्याशिवाय मला माडीवर जावंसं वाटत नाही, तरी जाते. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर मी तिचं नाव लिहून टाकलं. आता ते कुणी वाचेल असं काही वाटलं नव्हतं.

परवा माडीवर बसले असताना विदर्भातल्या एका विद्यार्थिनीचा मेल आला. आमच्या प्रोग्रॅममुळे तिचा अडलेला प्रबंध मार्गी लागला होता. शेवटी लिहिलं होतं, 'वर ज्यांचं नाव आहे, त्या मॅडमना माझे आभार सांगाल का?'

माझे डोळे भरून आले. हे तिला आत्ताच्या आत्ता वाचून दाखवायला हवं होतं. मी फोन उचलला, तिचा नंबर काढला, आणि मग आठवलं, आज शनिवार.