तंबूतला होकार

माझ्या नवऱ्यासारखा ऐकून घेणारा माणूस शोधून सापडणार नाही, हे मी मागच्या आठवड्यापर्यंत कुणालाही ठणकावून सांगितलं असतं. आता मी कुणाला काही ठणकावून सांगायच्या लायकीची राहिलेली नाही. हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसते, एक्स-रे कुठे, रक्ततपासणी कुठे, ते लोकांना सांगते, आणि मध्येच माझं वाक्य तुटतं. समोरचा माणूस ताटकळतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. याला तरी ऐकू आलं का?

नवरा दाराच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात रंधा मशीनवर काम करतो. लग्नाआधीपासून तिथेच आहे. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवयांत भुसा असतो आणि तो झटकायचं त्याला कधी सुचत नाही, मीच झटकते. बोलतो कमी. पण मी बोलायला लागले की खुर्ची ओढून बरोबर माझ्यासमोर बसतो. शेजारी नाही, समोर. "अरे, जवळ बस की," म्हटलं तरी समोरच. डोळे माझ्या चेहऱ्यावर. माझी धाकटी बहीण म्हणायची, "तायडे, नशीब काढलंस. आमचे हे बघ, मोबाइलात तोंड घालून बसतात, घराला आग लागली तरी मान वर करायचे नाहीत." मी अशी काही फुगायचे!

आता तुम्ही म्हणाल, एका घरात राहून बाईला कळलं कसं नाही? मीही तेच म्हणते. पण माझं बोलणं तुम्ही ऐकलेलं नाही. प्रश्न मीच विचारते आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकते. फोन मी घेते. दारावर कुणी आलं की आमचा कुत्रा आधी उठतो, मग नवरा उठतो. त्याच्या वाट्याला राहतं काय, तर "हं". त्या "हं"वर मी संसार केला.

साध्यासुध्या नाही, सगळ्यात मोठ्या गोष्टीसुद्धा त्यावरच ठरवल्या. दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि दुसऱ्यांदाही मूल पोटातच गेलं, तेव्हा मी घरात नुसती भिंतीकडे बघत पडून असायचे. नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र आहे, गाडी चालवायला शिकवतो. त्याचा आवाज असा की त्याला सगळे भोंगा म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. ती माझ्याच हॉस्पिटलात नर्स आहे. त्या दोघांनी एका शनिवारी आम्हाला अक्षरशः उचलून गाडीत घातलं आणि तळ्याकाठी नेऊन तंबू ठोकले. तिथे, दिवा घालवल्यावर, मी नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून सांगितलं की मला आता पुन्हा हे झेपणार नाही. मूल नको. आपण दोघंच राहू. तुला चालेल का? तो काही बोलला नाही. माझ्या केसांतून हात फिरवत राहिला, मला झोप लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी उठले ती हलकी होऊन. एका शब्दाने वाद नाही, आढेवेढे नाहीत. पुढे सासूबाई, मावश्या, शेजारणी, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी ताठ मानेने सांगितलं, "आमचं दोघांचं ठरलंय. विचारा ना याला." आणि तो हसायचा. त्या हसण्यासाठी मी त्याच्यावर जीव टाकत आले.

तेव्हापासून शनिवार-रविवार बाहेर पडायचं आम्हा चौघांना वेडच लागलं. पुढे कुत्रा आला. कारखान्याच्या आवारात कुणीतरी सोडून दिलेलं पिल्लू नवऱ्याने शर्टात घालून आणलं होतं. त्याचं नाव पोस्टमन पडलं, कारण नवऱ्याने त्याला निरोप्याचं काम शिकवलं. आमच्या तळावर कुणी कुणाला हाक मारायची नाही, असा त्याचा नियम. "ओरडू नका, पाखरं उडतात," म्हणायचा. मी चहा झाला की कुत्र्याच्या कानात सांगायचे, "जा, बोलावून आण." कुत्रा धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला नाक लावायचा, की हा आला. भोंग्याला या नियमाचा फार जाच व्हायचा. "वहिनी, अहो हा माणूस आहे की साधू?" म्हणायचा. पण पाळायचा. आम्ही सगळेच पाळायचो. किती शहाणे होतो आम्ही, बघा.

मागच्या शनिवारी दुपारी तळ्याच्या वरच्या उतारावर पोचलो. सामान उतरवलं. पोस्टमनच्या पंजात लांबलचक काटा घुसला होता. नर्सबाईने तो काढला, पट्टी बांधली आणि त्याला स्टोव्हशेजारी चटईवर झोपवलं. नवरा उतारावर खाली, आमच्याकडे पाठ करून, तंबूच्या खुंट्या ठोकत होता. त्या खुंट्या त्याने स्वतः कारखान्यातल्या तुकड्यांतून घडवलेल्या आहेत, दुसऱ्या कुणाला ठोकू देत नाही. मी बटाटे सोलत होते.

गाडी हलली ती आधी नर्सबाईने पाहिली. भोंग्याची गाडी. जो माणूस आयुष्यभर शिकाऊ पोरांच्या डोक्यात "हँडब्रेक, हँडब्रेक" घालत आला, तोच हँडब्रेक ओढायला विसरला होता. गाडी आधी अगदी सावकाश, कुणाला शंका येऊ नये अशी निघाली, आणि मग उताराने तिला धरलं. सरळ खाली, तंबूकडे.

भोंगा धावला, पण गाडी त्याच्या पुढे गेलेली. त्याने हाक मारली. हा माणूस चौकात ओरडला तर रिक्षा थांबतात. मीही किंचाळले. माझ्या घशातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याने ठोकणं थांबवलं. मला वाटलं, ऐकलं! त्याने हातोडा खाली ठेवला, खुंटी हलवून बघितली, आणि पुढची खुंटी घ्यायला शांतपणे हात लांब केला.

ते मी विसरणार नाही. मागून गाडी येतेय, तिघं जण बोंब मारताहेत आणि माझा नवरा खुंटीवरची माती झटकतोय.

कुत्रा कधी उठला मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो तीन पायांवर उतार कापत खाली चालला होता. त्याने जाऊन याची बाही दातांत धरली आणि ओढली. नवरा चिडून त्याच्याकडे वळला, आणि वळता वळता त्याला गाडी दिसली. त्याने कुत्र्याला कवटाळून बाजूला अंग टाकलं. गाडी आमचा तंबू घेऊन खालच्या झुडपांत जाऊन बसली.

मी खाली कशी पोचले, कोण जाणे. तो भुईवर बसून कुत्र्याचा पाय तपासत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, हाक तरी मारायची."

भोंगा तिथेच मटकन बसला आणि "माझी चूक, माझी चूक" एवढंच तो म्हणत राहिला. नवऱ्याने कुत्र्याला मांडीवर घेतलं तेव्हा नर्सबाई त्याच्या मागे गेली, धावताना हातात तसंच राहिलेलं भगोणं आणि त्याचं झाकण डोक्याएवढ्या उंचीवरून दगडावर सोडून दिलं. कुत्रा दचकला. मी दचकले. नवरा पट्टीची गाठ आवळत होता, ती त्याने नीट आवळली.

"अगं," नर्सबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "याला ऐकू येत नाही."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, काहीतरीच काय! मग त्याने मान वर केली, आमचे चेहरे पाहिले आणि त्याला कळलं की आम्हाला कळलंय. त्याचा चेहरा असा उतरला की माझं हसू जागच्या जागी गेलं.

ती दोघं झुडपातून गाडी काढायला गेली. आम्ही एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलो. समोरासमोर. आता मला कळत होतं, समोर का.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरीच वर्षं. हळूहळू गेलं. आधी बारीक आवाज गेले, मग बाकीचे. मशीनचं आहे हे."

"कारखान्यात माहीत आहे?"

"तिथे सगळेच असे आहेत. आम्ही ओठांवरच बोलतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मला?" माझा आवाज चढला होता, पण तो चढवून उपयोग काय, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं आणि मला रडूच फुटलं.

तो म्हणाला, "माझ्या बाबांना ऐकू यायचं बंद झालं, तेव्हा घरात सगळे त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. जेवा. उठा. औषध घ्या. तू तशी बोलायला लागली असतीस तर मला सोसलं नसतं. तू बोलतेस ना, मला निम्मं कळतं. पण तू बोलत असतेस."

दुसरी एखादी बाई एवढ्यावर विरघळली असती. मीही विरघळले असते. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट उभी राहिली होती, आणि पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"अंधारात?" मी विचारलं. "अंधारात माझं बोलणं तुला कळतं?"

"अंधारात कसं कळणार? तू बोलतेयस एवढं कळतं. खांद्याला तुझा ऊन श्वास लागतो. बरं वाटतं."

"आपण पहिल्यांदा तळ्यावर आलो होतो, तेव्हा मी तंबूत तुला काही विचारलं होतं."

"काय?"

तेव्हा अंधारात जे घडाघडा बोलून गेले होते, ते भर उन्हात, त्याच्या तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून मला पुन्हा बोलावं लागलं. मला पुन्हा झेपणार नाही. मूल नको. आपण दोघंच राहू. मध्येच हुंदका आला म्हणून मी तोंडावर हात घेतला, तर त्याने तो हळूच खाली केला.

"हात काढ. दिसत नाही."

मी पूर्ण केलं. "तुला चालेल का, असं विचारलं होतं."

त्याने माझा हात सोडला. मग म्हणाला, "आणि मी काय केलं?"

"माझ्या केसांतून हात फिरवलास."

"तू रडत होतीस म्हणून."

इथे थांबायला हवं होतं. नवरा जिवंत होता, कुत्रा बचावला होता, यापुढे कुठल्याही शहाण्या बाईने काही विचारलं नसतं. पण माझं आयुष्य चौकशीच्या खिडकीत गेलं आहे.

"ऐकलं असतंस, तर काय म्हणाला असतास?"

त्याने खोटं बोलायला हवं होतं. एवढी वर्षं निभावलं, आणखी एक "हं" त्याला जड नव्हता. पण तो म्हणाला, "थांबू या म्हणालो असतो. तू बरी झालीस की पुन्हा बघू, म्हणालो असतो. मला वाटायचं, तू स्वतःच एक दिवस विषय काढशील. मी वाट बघत होतो."

"लोकांसमोर मी म्हणायचे, विचारा याला. तू हसायचास."

"सगळे एकदम बोलायला लागले की मला काही कळत नाही. मी हसतो."

"अजून वाट बघतोस?"

"नाही," तो म्हणाला. "आता आपलं वय राहिलंय का?"

खालून भोंगा काहीतरी ओरडला. बहुधा गाडी निघाली असावी. नवऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मी पुढे काय बोलते, ते चुकू नये म्हणून तो जरा पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होता. मी तोंड उघडलं. इतकी वर्षं अखंड बोलले, आणि त्या माणसाला सांगण्यासारखा एक शब्द मला सापडेना.