तीनवर ठेवा आणि विसरून जा

जर्सी सिटीतल्या त्या जुन्या बिल्डिंगीत कुणाचा खोली तापवणारा रेडिएटर रुसला, की ईश्वरकाका वानखेड्यांना बोलावणं जायचं. काका नागपूरकडे बॉयलरवर घाम गाळून आलेले, इथे बिल्डिंगचे सुपर, म्हणजे सगळी देखभाल त्यांच्याकडे. नवी जोडपी खोली लवकर तापावी म्हणून रेडिएटरचा एक ते पाच आकड्यांचा व्हॉल्व्ह थेट पाचावर फिरवत आणि मग उकडलं की खिडक्या उघडत. काका न रागावता समजावत, "पाचावर नेलं म्हणून लवकर तापत नाही. तीनवर ठेवा आणि विसरून जा. खोलीची हवा किती तापली ते त्याला कळतं, मग तो आपोआप बंद होतो. फक्त त्याच्या अंगावर काही घालू नका."

साऱ्या बिल्डिंगीला ऊब देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र १९९६च्या जानेवारीत बायको कुडकुडत होती. आठ वर्षं व्हिसाची वाट पाहून प्रतिमाकाकू नोव्हेंबरात आल्या होत्या. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एक दिवस त्या एवढंच म्हणाल्या, "मला सोसत नाही हो इथलं. शुक्रवारचं तिकीट करून द्या." काकांनी तिकीट आणून दिलं. पण पुन्हा फोनवरचा संसार त्यांना नको होता.

गुरुवारी काकू बॅग भरायला बसल्या आणि काका पहिल्यांदाच आपल्या बेडरूममधल्या खिडकीखालच्या रेडिएटरपुढे गुडघे टेकून बसले. खिडकीतून वारं येऊ नये म्हणून काकूंनी सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी खिडकीवर टांगली होती. ती जमिनीपर्यंत लोळत होती आणि व्हॉल्व्ह तिच्या आड गुदमरला होता. गोधडीमागची गरम हवा हीच खोली समजून तो बिचारा रेडिएटरचं गरम पाणी बंद करून बसला होता. दुसऱ्यांच्या घरी हे दारातूनच काकांच्या लक्षात आलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

आईच्या लुगड्यांना कात्री लावायचा प्रश्नच नव्हता. काकांनी गोधडी खालून वर दुमडली, सुईत दोरा ओवला आणि जाडजूड बोटांनी टाके घातले. व्हॉल्व्ह मोकळा झाला. त्यांनी तो तीनवर ठेवला.

संध्याकाळपर्यंत काकूंनी खांद्यावरची शाल काढली होती. त्या खिडकीपाशी गेल्या आणि टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"किती वाकडे घातलेत," त्या म्हणाल्या. "उसवून नीट घालावे लागतील. मला उन्हाळा उजाडेल."

अर्ध्या तासाचं काम होतं ते. काका उठले आणि तिकीट कॅन्सल करायला फोनकडे गेले.