बैलवाला

शिकलेली माणसं त्याला गुप्त पोलीस म्हणायची, वर्तमानपत्रवाले सीआयडी. आमच्या पारनेरच्या बाजारात त्याचं नाव बैलवाला. हातात कासरा असो नसो, खाकीशिवाय आलेला सरकारचा माणूस म्हणजे बैलवालाच. हा शब्द कुठल्या कोशात सापडायचा नाही. कोश करणारे कधी बैलबाजारात उभे राहिलेत? तो जन्मला तेव्हा मी तिथंच होतो, म्हणून सांगतो.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ मास्तरकी सोडून भूमिगत झाला होता. सापडला असता तर सरळ तुरुंगात. मी बैलांचा दलाल. घरावर पाळत होती, म्हणून त्यानं निरोप धाडला: बाजारच्या दिवशी येतो, गर्दीत आईला डोळे भरून बघतो. आई सकाळपासून माझ्या शेजारी बाभळीखाली येऊन बसली.

अन् नेमका त्याच दिवशी एक पाव्हणा उगवला. धोतर परीटघडीचं, फेटा कोरा करकरीत. बैल घेणारा आधी दात बघतो, मग खूर. हा बाबा बैलांकडं पाठ करून माणसांची तोंडं न्याहाळत होता! म्हटलं, आली का पीडा.

आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली बोटं धरायची, बोटांवरून भाव कळतो. समोरच्यानं हात दाबला की सौदा पक्का. खात्री करावी म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या थकलेल्या बैलासाठी मी पाव्हण्याच्या हातावर रुमाल टाकला. त्याला वाटलं, मी रामराम करतोय. त्यानं माझा हात कचकचून दाबला!

"झाला सवदा!" म्हातारा वरडला. "लई गुणी जनावर हाय, पाव्हणं. बसलं की उठत न्हाई, एवढंच."

पाव्हणा गोरामोरा झाला. नाही म्हणावं तर सोंग उघडं पडतंय. मुकाट्यानं कनवटीला हात घातला आणि कासरा धरला. सगळा बाजार तोंडात उपरणी कोंबून हसत होता. एवढं मोठं इंग्रज सरकार, आणि त्याच्या तिजोरीतून घेतलं काय, तर हे! मला मात्र हसू येईना. कारण घोंगडी पांघरलेला थोरला समोरून चालत येत होता आणि बैलवाला माझ्या शेजारीच उभा.

हाक मारली तर सगळंच संपलं. बोटांच्या भाषेत 'पळ' म्हणायची सोय नाही, तिथं नुसते भाव. मी पुढं झालो, थोरला गिऱ्हाईक असल्यासारखा त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि एका मरतुकड्या गोऱ्ह्याला हत्तीचा भाव लावला. तोही दलालाच्याच घरात वाढलेला, त्याला उमगलं, इथं धोका आहे. हात हिसडून खेकसला, "माणसं कापतो व्हय रं, चोरा!" आणि तणतणत आल्या वाटेनं माघारी फिरला. किती महिन्यांनी धरला होता तो हात.

"कोण हो तो?" बैलवाल्यानं विचारलं आणि त्याच्या मागावर निघाला. पण बैलानं बसकण मारलेली. ओढून ओढून तो घामाघूम झाला. सरकारी माल, टाकून जाणार कसा? तरी शेवटी वैतागून कासरा सोडायला लागला, तेवढ्यात आई उठली.

"पाव्हणं, उन्हाचं कुठं निघाला? दोन घास खाऊन जावा."

तिनं फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भुकेला होता बिचारा, बसला. आई वाढत होती, नजर मात्र रस्त्यावर. घोंगडी लांब लांब जात होती.

"एवढ्या भाकरी कुणासाठी आणल्या होत्या, मावशी?" तो घास गिळत म्हणाला.

"थोरल्या लेकासाठी. यायचा हुता. न्हाई जमलं त्याला."

"येईल हो. आईला सोडून जातोय कुठं!" बैलवाला म्हणाला. "चटणी आहे का अजून?"

आईनं होती तेवढी सगळी त्याला वाढली.