कासरा कोणाच्या हाती

आमच्या मालकांना कबड्डीतलं काही कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि लीगमधल्या इतर प्रशिक्षकांना ते ऐकायला आवडतंही. चहाला जमलो की आमचा दुसरा विषय नसतो. ज्याचा त्याचा मालक आणि ज्याची त्याची डोकेदुखी. पण आमच्या संघातली सगळ्यात चांगली मुलगी मालकांनीच शोधली होती, हे मी त्या चहाच्या वेळीही सांगते आणि मग सगळे माझ्याकडे फितुरासारखे बघतात.

मी घुग्घुसला एका शाळेत खेळ शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात मुलींची कबड्डी लीग सुरू झाली. संघांना मालक आले, खेळाडूंची बोली लागायला लागली, चौकाचौकात मुलींच्या फोटोंचे फ्लेक्स लागले. आमच्या संघाचे मालक कोळशाच्या वाहतुकीतले. ट्रक, एक मोठं यार्ड, आणि त्या यार्डाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलांची जोडी. ट्रक हा त्यांचा धंदा आणि बैल हा जीव. आमच्याकडच्या मंडईच्या जत्रेत, पटात त्यांच्या जोडीचं नाव निघालं की माणसं वाट सोडून उभी राहतात. पट जिंकला की गुलाल आधी बैलांना, मग जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला, आणि सगळ्यात शेवटी मालकाला, हा त्यांच्या घरचा रिवाज. तो त्यांनी पहिल्याच भेटीत मला कौतुकाने सांगितला होता. मी तेव्हा नुसती मान डोलावली.

एकदा सूरजागडच्या खाणीकडे गाड्या लावायला गेले असताना एटापल्ली तालुक्यातल्या एका गावाच्या मैदानात त्यांनी मुलींचा खेळ पाहिला आणि तिथूनच मला फोन लावला.

"बाई, एक पोट्टी पाह्यली. पाय धरते तं सोडतच नाई. मले वाटते, आपल्याले पाहिजे."

मला राग आला. खेळाडू मी शोधायच्या की यांनी? पण गेले, पाहिलं आणि मुकाट्याने तिचं नाव यादीत घातलं. बारीक अंगाची, कमी बोलणारी. डाव्या कोपऱ्यात उभी राहिली की समोरून चढाईला आलेल्या मुलीकडे बघत गोंडीत काहीतरी पुटपुटायची. समोरची बावरायची आणि तिचा पाय जरा जास्त पुढे पडायचा. तेवढं हिला पुरे असायचं. काय म्हणतेस गं, म्हणून आम्ही सगळ्यांनी विचारून पाहिलं. ती नुसती हसायची.

तर मालकाची नजर अशी. म्हणूनच त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. दुसऱ्या एका संघाचे मालक उद्घाटनाला आले ते परत दिसलेच नाहीत. त्यांच्या मुली एसटीने यायच्या, सामन्याआधी वडापाव खायच्या आणि हरायच्या. आमच्या मुलींना गाडी होती, दूध-अंडी होती, मालक स्वतः येऊन भाजी कशी झाली ते चाखून बघायचे. इथपर्यंत मी त्यांना हात जोडायला तयार होते. पण सामना सुरू झाला की या माणसाला खुर्ची टोचायची. दोरी ओलांडून ते मॅटच्या कडेने धावायचे. "मांगं सर, मांगं सर," "धर तिले," "तू काऊन उभी आहे," असा दोन्ही बाजूंचा कारभार एकटे बघायचे. मुली बिचाऱ्या एक डोळा चढाईवर आणि एक डोळा त्यांच्यावर ठेवून खेळायच्या. उपांत्य सामन्यात पंचांनी ताकीद दिली, ती संघाच्या नावावर, म्हणजे माझ्या. पाठीमागून मालक मलाच म्हणाले, "पाहा बाई, पंच कसा करून राह्यला." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही.

तो सामना आम्ही जिंकलो, पण रडत-खडत. आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या डाव्या कोपऱ्याच्या हातून पाय सुटत होते. एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला, मग ती घाबरून हातच घालेना. कारण मला दिसत होतं. तिच्या बाजूच्याच कडेला मालक उभे होते आणि ती हलायच्या आधीच "धर" म्हणून ओरडत होते. ती आपल्या वेळेने पाय धरणारी मुलगी. यांच्या वेळेने धरायला गेली की पाय निसटणारच. मालकांना मात्र फक्त निसटलेले पाय दिसले.

दुपारी संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा आवाज आला. ते लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात.

"डाव्या कोपऱ्यावाली पोट्टी. फायनलले तिले काढा. बस."

ग्रुपवर सगळ्या मुली होत्या. सगळ्यांनी ऐकलं. आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये उतरलो होतो. मी आत गेले तर ती मुलगी भिंतीशी बसून बॅगेची चेन लावत होती. रडत नव्हती. गाडी कुठून मिळेल तेवढं तिने मला विचारलं. तिच्या जागी कोण येणार तेही सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरची एक मुलगी होती, बोलीत मोठ्या हौसेने घेतलेली, फ्लेक्सवर सर्वांत मोठा फोटो तिचा. मुलगी गुणी, पण उजव्या कोपऱ्याची. डावीकडे उभी केली की तिचे पाय तिच्याच पायात अडकायचे. ती स्वतःच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मले डावीकडे नका उभं करू. मी नाई धरू शकत तिच्यासारखी."

मी स्कूटी काढली आणि थेट यार्डात गेले.

मालक ऑफिसात नव्हते. कोळशाच्या धुळीने माखलेल्या ट्रकांच्या रांगेपलीकडे त्या शेडमध्ये बैलांपुढे सरकीची ढेप टाकत उभे होते. शेड त्यांच्या ऑफिसापेक्षा स्वच्छ होती. मी रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत आले होते, आणि त्यात राजीनामाही होता. पण ते बैल पाहिले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"भाऊ, ही जोडी कोणाची?"

ते चमकले. "माही. काऊन?"

"पटात हाकते कोण?"

"धुरकरी हाकते. तुमाले माहीत नाई का?"

"तुमी काऊन नाई हाकत? बैल तुमचे, ढेप तुमची."

ते पोटावर हात ठेवून हसले. "मी छकड्यावर बसलो तं बैल जागीच बसून जाईन."

"बरं, बसू नका. जोडी सुटल्यावर बाजूनं पळत पळत कासरा ओढता का?"

"तसं कोण करते बाई? जोडी बिचकते ना. रस्ता सोडून जाते."

"मग मॅटवर काऊन पळता?"

ते हसायचे थांबले. ढेपेचं घमेलं खाली ठेवलं. मग मात्र मी थांबले नाही. मी म्हटलं, जोडी कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा. तुम्ही पाहिलेली मुलगी मी घेतलीच की नाही? बोलीत हात वर करा, माझ्याशी भांडा, सामन्याच्या आदल्या दिवशीपर्यंत मला हजार गोष्टी सांगा, मी ऐकीन, पटलं तर करीन. पण सुटल्यावर कासरा माझ्या हातात. ती मुलगी उद्या डाव्या कोपऱ्यात उभी राहणार. ती नसेल तर मीही नसेन, मग दुसरी मॅडम पाहा. हे बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण एका बैलाने मान वर केली.

मालक बराच वेळ त्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "पण बाई, मी कुठी नाई म्हणलं?"

"म्हणजे? काढा म्हणालात ना तुमी. सगळ्या पोरींनी ऐकलं."

"हो ना. काढा म्हणलं. पटात आपण काय म्हणते? जोडी काढा म्हणते. म्हणजे बाहेर आणा, पळवा. मी तेच म्हणून राह्यलो. फायनलले तिले काढा."

चेहरा असा सरळ की देवळातल्या पुजाऱ्यानेही हेवा करावा. मी फोन काढून तो आवाज परत लावला, कानाशी धरून ऐकला, परत लावला. फायनलले तिले काढा. बस. शब्द दोन्हीकडे चालत होता. घरातून माणसाला काढतात ते काढणं, आणि दावणीतून जोडी पटावर आणतात तेही काढणंच. आमच्या भागातला कुठलाही पटवाला दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरत असेल. आणि सकाळी निसटलेले पाय पाहून चिडलेला मालक तोच शब्द पहिल्या अर्थाने वापरेल, हेही तितकंच खरं.

ते खरं बोलत होते की माझं ऐकून शब्द फिरवून घेतला, हे मला आजही ठाऊक नाही. कधी हे वाटतं, कधी ते. फिरवला असेल तर मात्र इतका सुंदर फिरवलेला शब्द मी दुसरा पाहिला नाही. मी म्हटलं, "बरं. मग मी काढते तिले." ते म्हणाले, "काढा." आणि घमेलं उचललं.

हॉलमध्ये परत येऊन मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा मुली हसून हसून लोळल्या. एकीने विचारलं, "म्हणजे मॅडम, आमी बैल का?" मी म्हटलं, जिंकल्या तर पटाचे बैल, हरल्या तर मीच तुम्हाला नांगराला जुंपते. एटापल्लीची मुलगी तेवढी हसली नाही. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली, मग बॅगेची चेन उघडून तिने बूट बाहेर काढले आणि नाड्या सैल करून ठेवले. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच सगळ्यांना लवकर झोपा म्हणून ओरडले.

अंतिम सामन्याला मैदान फुलून गेलं होतं. समोरचा संघ तगडा होता आणि त्यांचे मालकही तगडे होते. पहिल्या चढाईपासून ते कडेने धावायला लागले. मी भीत भीत मागे बघितलं. आमचे मालक दोरीपलीकडे खुर्चीत बसले होते आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. सामनाभर ते तसेच बसले. आमचा गुण गेला की खुर्ची करकरायची, पण माणूस उठत नव्हता. समोरच्या मुली दर चढाईला कडेला बघत होत्या आणि आमच्या मुली फक्त समोर बघत होत्या. या एका गोष्टीवर आम्ही सामना जिंकलो असं म्हटलं तर ते खोटं होईल, आमच्या मुली जिवाच्या आकांताने खेळल्या. पण मला तो फरक इतका स्वच्छ दिसत होता की माझी भीती हळूहळू गेली.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. चढाई त्यांची, आणि येणारी मुलगी त्यांच्यातली सर्वांत चपळ. ती दम धरून खेळली असती तर सामना जादा वेळेत गेला असता. पण त्यांचे मालक कडेने ओरडत होते, "मार, मार, गुण घेऊन ये." तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं. माझ्या डाव्या कोपऱ्याने नेमकं तेव्हाच ओठ हलवले. ती काहीतरी पुटपुटली, समोरचीचा पाय पुढे आला, आणि मग मला फक्त दोन हात दिसले, घोट्याभोवती आवळलेले. बाकीच्या मुली वरून कोसळल्या. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा तो घोटा अजून तिच्या हातात होता. पाय धरते तं सोडतच नाई.

मी रडले. मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, नागपूरची मुलगी राखीव खेळाडूंच्या बाकावरून धावत सुटली आणि तिने एटापल्लीच्या मुलीला उचलून घेतलं. त्या गोंधळात मी तिला पुन्हा विचारलं, काय म्हणतेस गं तू त्यांना? ती धापा टाकत म्हणाली, "ये म्हणते मॅडम. ये, ये, एवढंच."

मग माईकवरून चषक घ्यायला संघमालकांना बोलावलं. मालक उठले, धोतराच्या सोग्याला हात पुसले, गुलालाची पिशवी घेतली आणि मंचाच्या पायरीपाशी थांबले. वरून पुन्हा पुकारा झाला. त्यांनी वरती बघून मोठ्याने सांगितलं, "आधी तिले काढा."

या वेळी कोणाचा गैरसमज झाला नाही. मुलींनी तिला ढकलत पुढे आणलं. मालकांनी मूठभर गुलाल तिच्या कपाळावर, केसांवर टाकला, मग एकेक करून बाकीच्या मुलींवर. नंतर माझ्याकडे वळून माझ्याही कपाळाला लावला आणि म्हणाले, "धुरकरी." पिशवीच्या तळाशी थोडासा उरला होता. तो त्यांनी तिच्या ओंजळीत रिकामा केला, स्वतःची टोपी काढली आणि तिच्यापुढे मान खाली घातली.

"टाक आता," ते म्हणाले. "मालक शेवटी."